स्पायडरमॅनचं देणं

सिनेमाचा दुसरा भाग आला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, ‘पहिल्याची मजा याच्यात नाही.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पहिला भाग चालला म्हणून दुसरा काढलेला असतो. गोष्ट संपलेली असते, कमाईची हौस संपलेली नसते.

पण मी उर्दू शिकवते, आणि उर्दूच्या माणसाने हे वाक्य फार जोरात म्हणू नये असं मला वाटतं. लखनौच्या नवल किशोर प्रेसने छापलेली ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ ४६ खंडांची आहे. त्यातला लोकांच्या ओठांवर राहिलेला भाग कोणता? ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. दास्तानच्या क्रमात तो पाचवा दफ्तर आहे आणि मूळ फारसी हमजात तो मुळी नाहीच. आपल्याच दास्तानगोंनी तो रचला. पुढे मुहम्मद हुसेन जाह यांनी त्याचे पहिले चार आणि अहमद हुसेन कमर यांनी नंतरचे तीन खंड लिहून काढले. पहिला खंड १८८३ साली आला. अमर अय्यार, त्याची कधीच न भरणारी जंबील, अंगावर घेतली की माणूस दिसेनासा होणारी गिलीम, आणि समोर जादूगारांचा बादशहा अफरासियाब. आजच्या भाषेत सांगायचं तर आपला सगळ्यात गाजलेला सुपरहिरो सीक्वेलमधलाच आहे.

तर आमच्या नववीच्या मुलांमध्ये मधल्या सुट्टीत चाललेला वाद माझ्या कानावर आला तेव्हा मला गप्प राहवलं नाही. वाद स्पायडरमॅनचा होता. त्यांच्यासाठी स्पायडरमॅन तीन आहेत आणि टोबी मॅग्वायरचा तो ‘जुना’. जुन्यातला पहिला भाग भारी, कारण त्यात त्याला कोळी चावतो, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्यात तो अर्धा वेळ रडतच असतो, असं दुसऱ्याचं. मी म्हटलं, म्हणूनच दुसरा भारी. मुलं हसली. शिकवणाऱ्या बाईंना स्पायडरमॅन माहीत असतो याचंच त्यांना जास्त आश्चर्य वाटलं असावं. सुट्टी दहा मिनिटांची, त्यामुळे माझं म्हणणं तिथे अर्धवटच राहिलं.

पहिला ‘स्पायडरमॅन’ मे २००२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सॅम रायमी. पहिल्याच शनिवार-रविवारच्या आठवडाअखेरीत १० कोटी डॉलरच्या पुढे गेलेला तो पहिला सिनेमा. जगभरची कमाई ८२ कोटी डॉलरच्या आसपास. २००४ च्या दुसऱ्या भागाची कमाई त्याहून थोडी कमीच, ७८ कोटींच्या घरात. म्हणजे गल्ल्याचा निकाल मुलांच्या बाजूने आहे. दुसऱ्याला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, पण त्यावरही माझी भिस्त नाही. इफेक्ट्स दोन वर्षांत सुधारतातच, त्यात गोष्टीचं काय कौतुक?

पहिल्या सिनेमाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. गरीब घरातला पोरका मुलगा, काका-काकूंनी वाढवलेला, चष्मा लावणारा, बसमध्ये टिंगल होणारा. त्याला अचानक ताकद मिळते आणि पहिल्यांदा तो ती कशासाठी वापरतो? एका मुलीसमोर मिरवायला गाडी घ्यायची म्हणून, कुस्तीच्या तमाशात उतरून पैसे कमवायला. हे मला फार खरं वाटतं. आपल्याकडेही मुलाला पहिली ताकद मिळते तेव्हा तो मोटारसायकलच मागतो. कुस्तीचा मालक ठरलेले ३००० डॉलर न देता १०० टेकवतो. पुढच्याच क्षणी एक चोर त्या मालकाला लुटून पळतो आणि पीटर बाजूला होऊन त्याला वाट करून देतो. माझे पैसे बुडवलेस ना, मग तुझं तू बघ. तोच चोर बाहेर गाडीसाठी बेन काकांवर गोळी झाडतो. काका तिथे का असतात? पीटरला न्यायला आलेले असतात. पीटरने घरी सांगितलेलं असतं की मी लायब्ररीत आहे.

इथपर्यंत पहिला सिनेमा उत्तम आहे. मग तो घाई करतो. काका जातात, चोर खिडकीतून पडून मरतो, मुलगा पोशाख शिवतो आणि शहर वाचवायला लागतो. जणू हिशेब मिटला! एका माणसाच्या मरणाला आपण कारण झालो, आता शंभर माणसं वाचवू म्हणजे बरोबरी होईल. पुढचा तासभर हिरव्या मुखवट्याच्या ग्रीन गॉब्लिनशी मारामारी आहे. विलेम डेफो एवढा मोठा नट, पण त्याचा चेहराच झाकून टाकलेला. कडक प्लास्टिकसारख्या त्या मुखवट्यामागे अर्धा सिनेमा वाया गेलाय.

त्या सिनेमावर आणखी एका गोष्टीची सावली आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या आधी त्याची एक जाहिरात फिल्म थिएटरात दाखवली जात होती. बँक लुटून हेलिकॉप्टरने पळणारे चोर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांमध्ये विणलेल्या जाळ्यात अडकतात. हल्ल्यानंतर ती मागे घेण्यात आली. आणि शेवटाकडे पुलावरचा एक प्रसंग वाढवला गेला, न्यूयॉर्कची माणसं पुलावरून गॉब्लिनला हाताला येईल ते फेकून मारतात आणि ओरडून सांगतात की आमच्यातल्या एकाला हात लावलास तर आम्हा सगळ्यांशी गाठ आहे. जखमी शहराला ते हवं होतं, मी समजू शकते. पण ‘आमच्यातला’ हा शब्द ऐकला की मी जरा सावध होते. २००२ साल आपल्याकडे कसं गेलं हे या वाचकांना सांगायला नको. ‘आपल्यातला’ कोण आणि कोण नाही, हे गर्दी ठरवायला लागली की काय होतं ते आपण त्या वर्षी पाहिलं होतं.

दुसरा भाग आला तेव्हा मी बीएड करत होते. धाकट्या भावाने ओढत नेलं. हिंदीत डब केलेला, पंखे घरघरणारं थिएटर, पुढच्या रांगांत शिट्ट्या. सुरुवातीलाच पहिल्या भागाची कथा चित्रांमधून सांगून टाकतात, अ‍ॅलेक्स रॉसची चित्रं आहेत ती. आणि मग पहिला प्रसंग काय? नायकाला पिझ्झा वेळेवर पोचवता येत नाही.

या प्रसंगासाठी मी हा सिनेमा कितीही वेळा बघायला तयार आहे. ‘जोज पिझ्झा’, २९ मिनिटांत पिझ्झा नाहीतर पैसे नाहीत. मालक बजावतो, ४२ ब्लॉक आहेत आणि साडेसात मिनिटं, नाहीतर नोकरी गेली. पीटर जाळी टाकत इमारतींवरून जातो, वाटेत दोन मुलांना ट्रकखाली येण्यापासून वाचवतो आणि उशिरा पोचतो. नोकरी जाते. आता त्या मालकाचं नाव बघा, मिस्टर अजीज. भूमिका करणारा नट आसिफ मांडवी, मुंबईत जन्मलेला, इंग्लंडमध्ये वाढलेला. त्या काळात हॉलिवूडच्या पडद्यावर अजीज नावाचा माणूस आला की त्याच्या हातात बॉम्ब असणार हे आपण गृहीतच धरायचो. इथे हल्ल्याला तीन वर्षंही झाली नव्हती, शहर तेच, आणि अजीजच्या हातात पिझ्झाचे खोके आहेत. तो चांगलाही नाही, वाईटही नाही. गिऱ्हाईक तुटेल म्हणून वैतागलेला दुकानदार आहे, भिवंडीत किंवा मिरजेत कुठल्याही बेकरीच्या गल्ल्यावर दिसेल असा. एवढं साधं असायला मिळणं हीसुद्धा चैन असते. त्या थिएटरात हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. मला मात्र पडद्यावर अजीज हे नाव ऐकून आधी पोटात गोळा आला होता आणि मग तो विरघळला होता, हे अजून आठवतं.

पुढे सिनेमा गरिबीचा हिशेब मांडत जातो. खोलीचं भाडं थकलेलं, घरमालक दाराशी. वर्तमानपत्रात फोटो विकून पैसे मिळायचे तर ते आधी घेतलेल्या उचलीत वळते झालेले. कॉलेजात उशीर, प्राध्यापक नाराज. मेरी जेनचं नाटक बघायला जायचं कबूल केलेलं, पोचतो तर दारावरचा माणूस आत सोडत नाही. मे काकूंच्या घरावर बँकेची जप्ती येऊ घातलेली. आणि तरी त्या वाढदिवसाला त्याच्या हातात २० डॉलर कोंबतात, तो नको म्हणतो तर चिडतात. ती चीड पैशाची नाही. आमच्या घरी आम्ही त्यांना मे चाचीच म्हणायचो. घेऊन टाक म्हणून ओरडणारी आणि ओरडता ओरडता रडणारी अशी एक बाई प्रत्येक खानदानात असते.

ताकद असलेल्या माणसाला भाडं चुकत नाही, ही कल्पना तशी नवी नाही. स्पायडरमॅनची कॉमिक्स १९६० च्या दशकापासून तेच करत आली आहेत. पण सिनेमाने ती इतकी निवांत दाखवली नव्हती. पटकथा अल्विन सार्जंट यांची. ‘ऑर्डिनरी पीपल’ लिहिणारा माणूस. घरातल्या घरात न बोललेल्या गोष्टी काय करतात, हा त्यांचा प्रांतच होता. आणि इथेच मी माझ्या मुद्द्यावर येते.

सिनेमाच्या मध्यावर बेन काकांना जाऊन दोन वर्षं होतात. कबरीवर जाऊन आल्यावर काकू आणि पीटर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले असतात. काकू म्हणतात, तू रेल्वेने जातो म्हणत होतास, ह्यांनीच गाडीने सोडायचा आग्रह धरला, मी त्यांना अडवलं असतं तर आज आपण तिघं मिळून चहा घेत असतो. म्हणजे ती म्हातारी दोन वर्षं स्वतःला दोष देत बसली आहे. आणि खरा दोषी समोर बसून ऐकतो आहे. मग तो सांगतो. मी लायब्ररीत गेलोच नाही. मी कुस्तीला गेलो. चोर माझ्यासमोरून पळाला, मी थांबवू शकत होतो, थांबवलं नाही. त्याने काकांना मारलं.

कुठलंही संगीत उसळत नाही. काकूंचा हात त्याच्या हातात असतो. त्या तो काढून घेतात, उठतात आणि काही न बोलता जिना चढून वर जातात.

आपल्याला मदरशात किंवा घरी लहानपणीच सांगितलेलं असतं की हक्क दोन प्रकारचे. हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद. अल्लाहचा हक्क राहिला तर तौबा करावी, तो माफ करणारा आहे. पण बंद्याचा हक्क बुडवला असेल तर तो बंद्याकडूनच माफ करून घ्यावा लागतो. हदीसमधला मुफलिसचा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. हजरत मुहम्मद (स.) यांनी विचारलं, मुफलिस कोण? लोक म्हणाले, ज्याच्याकडे पैसाअडका नाही तो. त्यांनी सांगितलं, मुफलिस तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाला मारलेलं असेल; त्याच्या सगळ्या नेक्या त्या लोकांना वाटून दिल्या जातील आणि हा रिकामा राहील.

पहिल्या सिनेमातला स्पायडरमॅन असा मुफलिस आहे. खात्यात केवढ्या नेक्या जमा! आगीतून मुलं काढली, केबल कारमधली पोरं वाचवली. पण देणं त्या पोरांचं नव्हतंच. देणं क्वीन्समधल्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या एका बाईचं होतं, आणि तिच्यासमोर तो दोन वर्षं मुखवटा न घालताच लपून राहिला होता. शंभर लोकांचं भलं करून एकाचं देणं फिटत नाही. पहिला सिनेमा हे देणं तयार करतो आणि विसरतो. दुसरा ते वसुलीला काढतो. सीक्वेल पहिल्यापेक्षा सरस होतो तो असा. तो पहिल्याने बुडवलेलं शोधून काढतो.

हा प्रसंग मला २००४ साली आवडला होता, पण समजला तो नंतर.

आमचे बडे अब्बा काही वर्षांपूर्वी हजला गेले. जाण्याआधी आपल्याकडे रिवाज असतो, घरी माणसं येतात, गळाभेट होते आणि जाणारा प्रत्येकाला म्हणतो, ‘कहासुना माफ करना.’ समोरचाही म्हणतो, माफ किया, हमको भी माफ करो. दोन दिवसांत दीडदोनशे लोकांना ते असं म्हणाले असतील. दारातल्या भाजीवाल्यालाही म्हणाले. हे वाक्य सोपं असतं, कारण त्यात काय कहा आणि काय सुना ते सांगावं लागत नाही.

माझी फूफी त्या दिवसांत आमच्याकडेच होती. दादा गेले तेव्हा तिघा भावांनी तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. साडीचोळी, हातात थोडे पैसे आणि माहेर तुटू नये म्हणून तिने केलेली सही. हे आपल्याकडे घरोघरी झालं आहे. कुराणात मुलीचा हिस्सा नेमून दिलेला आहे असं आपण व्यासपीठावर अभिमानाने सांगतो आणि तलाठ्याकडे जाताना तो विसरतो.

निघायच्या आदल्या रात्री सगळे पांगल्यावर बडे अब्बा तिच्या खाटेशी जाऊन बसले. मी शेजारी बॅगेची यादी तपासत होते. ते म्हणाले, ‘छोटी, उस कागज पे तेरा अंगूठा लिया तब जमीन कित्ती है ये तेरेकू नहीं बताया था. मालूम था मेरेकू.’ एवढंच. माफ कर असंही म्हणाले नाहीत. फूफी काही बोलली नाही. उठली आणि अंगणात पडलेल्या चहाच्या कपबशा गोळा करायला लागली. अब्बांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नावही त्याच सातबाऱ्यावर होतं. ते खुर्चीत बसून होते, ते त्या रात्री गप्प राहिले.

सकाळी गाडी निघायच्या वेळी फूफी आली आणि तिने बडे अब्बांच्या दंडाला इमाम जामिन बांधला. त्यात रुपया तिचा स्वतःचा होता. ते हजहून आल्यावर मोजणी झाली, फेरफार झाला, तिच्या नावावर तुकडा चढला. तिसरे चाचा त्यावरून अजूनही बोलत नाहीत, लग्नकार्यात वेगळ्या रांगेला बसतात. म्हणजे सगळं गोड झालं असं नाही. पण मी जेव्हा जेव्हा मे काकूंना जिना चढताना बघते तेव्हा मला त्या कपबशांचा आवाज ऐकू येतो. त्या दोघींना लगेच माफ करायला लावलं नाही, हा मला मोठेपणा वाटतो, एकीच्या बाबतीत लेखकाचा आणि दुसरीच्या बाबतीत बडे अब्बांचा. सिनेमातही माफी मिळते ती काही दिवसांनी, घर रिकामं करताना, खोकी भरता भरता. काकू म्हणतात, झालं गेलं, पण सांगायला हिंमत लागते आणि ती तू केलीस. तेव्हा त्या घराबाहेर पडत असतात, बँकेने घर घेतलेलं असतं. माफीने घर वाचत नाही.

एक बारकावा बघण्यासारखा आहे. पीटर काकूंना गुन्हा सांगतो, पण मी स्पायडरमॅन आहे हे सांगत नाही. मोठेपणा लपवतो आणि चूक सांगतो. आपण बहुतेक वेळा याच्या उलट करतो. काकूंना ते कळलेलं असतं का, यावर माझा आणि भावाचा आजही वाद होतो. खोकी भरताना त्या वीरांविषयी जे बोलतात त्यावरून मला वाटतं, कळलेलं असतं.

हे सांगितल्यानंतरच तो आगगाडीचा प्रसंग येतो, आधी नाही. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉक्टर ऑक्टोपस चालत्या गाडीचे ब्रेक तोडतो. पुढे रूळ संपतात. स्पायडरमॅन इंजिनाच्या तोंडाशी उभा राहून दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी टाकतो आणि स्वतःच्या अंगाने गाडी थांबवतो. (ते उंचावरचे रूळ गोष्टीत न्यूयॉर्कचे असले तरी बाहेरचं चित्रीकरण शिकागोत झालं आहे.) त्याआधी जळालेला मुखवटा त्याने काढून टाकलेला असतो. गाडी थांबते, तो बेशुद्ध होऊन पुढे कलंडतो, आणि डब्यातून हात येऊन त्याला धरतात. मग माणसं त्याला डोक्यावरून, हातोहात, डब्याच्या आत नेतात. जनाजा जसा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो तसं. फरक इतकाच की हा जिवंत आहे. खाली ठेवतात, आणि एक जण त्याच्याकडे बघून म्हणतो, हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलाएवढा.

पहिल्या सिनेमातली पुलावरची गर्दी आठवून बघा. तिथे माणसं वरून वस्तू फेकत होती आणि घोषणा देत होती. इथे घोषणा नाही. कुणी त्याचं नाव विचारत नाही, तू कुठला म्हणत नाही. पुरावा म्हणून एकही फोटो काढत नाही. आज असता तर डब्यातले पन्नास मोबाईल वर आले असते. दोन लहान मुलं मुखवटा आणून देतात आणि सांगतात, आम्ही कुणाला सांगणार नाही. तेवढ्यात डॉक्टर ऑक्टोपस परत येतो, तर डब्यातले सगळे एकामागून एक मध्ये उभे राहतात. ते त्याला अडवू शकत नाहीत, तो सहज त्यांना बाजूला सारतो. पण ते उभे राहिले. ज्याचा चेहरा पाहिला त्याच्यासाठी उभे राहिले, नाव ऐकून नव्हे. दोन वर्षांत या सिनेमाने ‘आमच्यातला’ या शब्दाचा अर्थ बदलला.

जेमसनला विसरून चालणार नाही. डेली ब्यूगलचा संपादक, जे. के. सिमन्सने केलेला. मथळा आधी, बातमी नंतर. स्पायडरमॅन गुन्हेगार आहे हे त्याने ठरवलेलं असतं, आता फक्त कारण शोधायचं असतं. असं वर्तमानपत्र आणि असं चॅनेल म्हणजे काय हे आपल्या लोकांना उलगडून सांगायची गरज नाही. दुसऱ्या भागात पीटर पोशाख कचऱ्यात टाकतो, एक सफाई कामगार तो जेमसनला विकतो आणि जेमसन तो आपल्या कचेरीत भिंतीवर लावतो. पुढे शहरावर संकट येतं तेव्हा हाच माणूस हळवा होऊन म्हणतो, तो खरा नायक होता, मलाच दिसलं नाही. एवढ्यात मागे वळून बघतो तर पोशाख गायब! लगेच चोर, गुन्हेगार म्हणून आरडाओरडा सुरू. त्याचा पश्चात्ताप अर्धं मिनिटही टिकत नाही. मी या प्रसंगावर दर वेळी हसते. त्यालाही चूक कळली होतीच, पण ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर ती बोलायची वेळच त्याच्यावर आली नाही.

दुसऱ्या भागात खोट नाही असं नाही. पीटरची ताकद मनाच्या गोंधळाने जाते आणि येते, तिचा नियम काही धड लागत नाही. मेरी जेनला शेवटी पुन्हा बांधून ठेवलंच आहे. दोन सिनेमांत दोनदा पळवून नेण्यापलीकडे तिला काम देता आलं नाही. चांगल्याशा अंतराळवीराला ती लग्नाच्या दिवशी सोडून पळते आणि आपण टाळ्या वाजवायच्या. ते मला अजूनही पटत नाही. त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा? हुकूकुल इबादचा हिशेब मांडायचाच तर त्याचंही नाव यादीत येतं.

पण खलनायक बघा. गॉब्लिनचा मुखवटा होता, डॉक्टर ऑक्टोपसचा चेहरा उघडा आहे. आल्फ्रेड मोलिना आधी एक भला मास्तर म्हणून भेटतो, बायकोबरोबर जेवणाच्या टेबलावर पीटरशी प्रेमाबद्दल बोलतो. त्याच्या हट्टामुळे त्याचा प्रयोग फसतो आणि त्यात बायको जाते. तोही आपल्या माणसाच्या मरणाला कारण झालेला आहे, पीटरसारखाच. फरक असा की ज्याच्याकडे जाऊन सांगायचं ते माणूसच त्याच्यासाठी उरलेलं नाही. शेवटी तो स्वतःच आपलं यंत्र नदीत बुडवतो आणि त्याच्याबरोबर जातो.

अनेक जण २००८ च्या ‘द डार्क नाईट’चं नाव घेतील, आमच्या शिक्षकांच्या खोलीतही घेतलं गेलं. तोही पहिल्या भागापेक्षा सरस आहेच. पण तिथे जोकर लक्षात राहतो, बॅटमॅन नाही, आणि बॅटमॅनला घरभाडं नसतं.

आणि ज्यांना वाटतं की दुसरा चांगला झाला म्हणजे तिसरा आणखी चांगला होईल, त्यांनी २००७ चा ‘स्पायडरमॅन ३’ बघावा. त्यात आपल्याला सांगतात की बेन काकांना गोळी घालणारा तो चोर नव्हताच, त्याचा साथीदार होता, आणि गोळीही चुकून सुटली. म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पीटर जे बोलला, ज्यासाठी काकूंनी हात काढून घेतला, त्यातलं निम्मं वजन एका वाक्यात उतरवून टाकलं. शेवटी पीटर त्या साथीदाराला माफ करतो. माफी चांगलीच, पण मला ती कागदावर घाईने घेतलेल्या सहीसारखी वाटते. भाऊ म्हणतो, तू फार कडक तपासतेस. असेल. नववीच्या मुलांना मी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागातला फक्त टेबलाचा प्रसंग दाखवणार आहे, मोबाईलवर, वर्गात प्रोजेक्टर नाही म्हणून. मग विचारणार आहे की काकूंनी हात का काढून घेतला. ज्या मुलाला तो रडतोय असं वाटलं होतं, त्याला पहिला प्रश्न.